फुंकल्याशिवाय गाडी चालत नाही

नामूर, विस्कॉन्सिन
६ नोव्हेंबर २०१७

कोरीन,

तुझा पत्ता डोलोरेसकडून मिळाला. तिला तो कुठून मिळाला हे मी विचारलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पत्ते, आजार आणि घटस्फोट डोलोरेसकडे आपापले चालत येतात, हे तुला माहीत आहेच. पत्र पाहून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. नॉर्बर्ट गेला तेव्हा, स्वतःचा नवरा असून, मी कळवलं नव्हतं, तरी तुझं फुलांचं चक्र आलं. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. मानते.

पत्राचं कारण साधं आहे. आईची पाईच्या पाककृतींची वही तुझ्याकडे आहे. तू फिनिक्सला गेलीस तेव्हा ती घेऊन गेलीस, आणि मी आजवर त्याबद्दल शब्द काढलेला नाही. यंदा चर्चच्या नाताळच्या विक्रीसाठी साठ पाई माझ्या गळ्यात पडल्या आहेत. सुक्या आलुबुखाराचं सारण मला पाठ आहे, पण खालचा कणकेचा थर आईसारखा होत नाही. त्या एका पानाची नक्कल पाठवशील तर बरं होईल.

इकडे सगळं ठीक. मी अजून महिला मंडळाची अध्यक्ष आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. रस्त्याकडेच्या आपल्या चॅपेलचा दरवाजा आणि पुढची भिंत सप्टेंबरच्या वाऱ्यात पडली. पणजोबांच्या हातचं काम, लाकूड जुनं झालं होतं. दुरुस्ती चालू आहे.

आणखी एक. कुणी तुला सांगण्याआधी मीच सांगते. माझ्या गाडीत एक छोटं यंत्र बसवलंय. गाडी सुरू करण्याआधी त्याच्या नळीत फुंकायचं असतं. या वयात फुप्फुसांना व्यायाम लागतो. बाकी काही नाही.

ल्युसिल


नामूर
२४ नोव्हेंबर

कोरीन,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र छान आहे. अकरा वर्षांनी बहिणीला लिहिताना माणूस दोन ओळींत आटोपतो, हे वाळवंटातल्या हवेने होत असेल. पोस्टमनने कार्ड वाचलं असणारच, कारण देताना तो माझ्या नजरेला नजर देईना. "फुप्फुसांचं यंत्र मलाही होतं, २००८ साली, वर्षभर. तुझा आकडा किती, आणि त्या वाऱ्याचं नाव काय?" असं कुणी उघड्या कार्डावर लिहितं का?

तुला होतं हे मला माहीत नव्हतं.

तर ऐक. वारा नव्हता. तो केर्मिसचा रविवार होता, सुगीचा सण, आणि तुला ठाऊक आहे की त्या दिवशी हॉलमध्ये चार मोठ्या हंड्यांत कोंबडीचा दाट रस्सा, आपला बूया, शिजतो आणि ढवळणाऱ्यांना ब्रँडी द्यावी लागते. मी ढवळत होते. दुपारी साडेचारला घरी निघाले. ऊन थेट डोळ्यांत. चॅपेलपाशी रस्ता वळतो, ते वळण काही मी आज पहिल्यांदा पाहत नव्हते, पण त्या दिवशी ते थोडं अलीकडे आलं होतं.

चॅपेल केवढं, तुला माहीत आहे. आत दोन माणसं गुडघे टेकू शकतात. माझी अर्धी गाडी मावली. आतले प्लास्टरचे सेंट जोसेफ वरून घसरले आणि बॉनेटवर उभे राहिले, एक बोटही न तुटता. मी याला कृपा म्हणते.

मागून कोण यावं, तर ट्रॅव्हिस. धर्मशिक्षणाच्या वर्गात माझ्याकडे होता, तोच. आता शेरीफच्या हाताखाली पोलीस आहे. मोठा झालाय, पोटही सुटलंय. टोपी काढून काचेपाशी वाकला.

"बाई," म्हणाला, "तुम्ही चॅपेलमध्ये आहात."

"माहीत आहे मला, ट्रॅव्हिस. प्रार्थनेला आलेय."

"गाडीसकट?"

मी म्हटलं, "तू आईला भेटायला जातोस की नाही हल्ली?"

"जातो बाई. जरा खाली उतरता का?"

मग त्याने मला पांढऱ्या रेषेवरून चालायला लावलं. नऊ पावलं जायचं, वळायचं, नऊ पावलं यायचं. मी म्हटलं, दहा आज्ञा म्हणताना तू सातव्या आज्ञेला अडकायचास, तेव्हा मी तुला कधी एका पायावर उभं केलं होतं का? तो म्हणाला, "नाही बाई. पण तुम्ही पाचच पावलं गेलात आणि माझ्या गाडीला टेकलात." माणूस प्रामाणिक आहे, तेवढं शिकवल्याचं समाधान आहे.

रक्तातल्या दारूचा आकडा पंधराच्या आसपास होता, आठपर्यंत चालतो.

यंत्र बसून कागद हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढे रविवार मी नॉर्बर्टच्या हिरव्या ट्रॅक्टरवरून चर्चला गेले. ट्रॅक्टरला परवाना लागत नाही. निळा कोट, टोपी, हातमोजे, मांडीवर पर्स. पहिल्या रविवारी डोलोरेसची गाडी पूर्ण अडीच मैल माझ्या मागे होती आणि तिने एकदाही ओव्हरटेक केलं नाही. तिला ते संपूच नये असं वाटत असावं. चर्चपाशी उतरल्यावर म्हणाली, "ल्युसिल, हिरवा रंग शोभतो तुला."

पाईचं पान राहिलं बघ पाठवायचं.

ल्युसिल


नामूर
१५ डिसेंबर

कोरीन,

पान मिळालं. त्याच्या पाठीवर तू लिहिलंस तेही वाचलं. "आसपास म्हणजे सोळा की सतरा? पंधराच्या आत असतं तर पहिल्या वेळी तिकडे यंत्र लावतच नाहीत."

सतरा.

आता पुढचं ऐक, कारण यात थोडा तुझाही हात आहे. आईच्या पानावर यीस्टचं प्रमाण लिहिलंय तिथेच लोण्याचा डाग पडलाय. दोन चमचे की तीन, कळेना. म्हणून मी चर्चच्या स्वयंपाकघरात दोन, अडीच आणि तीन अशा तिन्ही प्रकारे कणीक भिजवली आणि कच्चीच चाखत बसले. चाखत म्हणजे, बरीच. संध्याकाळी पाचला पहिल्या वीस पाई गाडीत घालून निघाले. नळी तोंडात धरली.

हे फुंकणं किती अवघड असतं ते तुला सांगायला नको. नुसतं फुंकून भागत नाही. आधी फुंक, मग फुंकता फुंकता घशातून 'हूं' काढ, आणि तो सूर पाच सेकंद ढळू देऊ नकोस. ग्रीन बेच्या गॅरेजमध्ये यंत्र बसवणारा ड्वेन नावाचा दाढीवाला मला शिकवत होता. त्याने स्वतः करून दाखवलं, माझ्याकडून करवून घेतलं आणि म्हणाला, "काकू, पहिल्या झटक्यात जमणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी म्हटलं, चाळीस वर्षं चर्चमध्ये आल्टो, बायकांचा खालचा सूर, गातेय. तो म्हणाला, "बहुतेकांना दोन दिवस लागतात, आणि ते रडतात." मला उगाच अभिमान वाटला. कशाचा, ते नंतर घरी आल्यावर कळेना.

असो. त्या संध्याकाळी मी उत्तम सुरात फुंकलं आणि यंत्र म्हणालं, नापास. थेंब घेतला नव्हता, कोरीन. शपथेवर सांगते. कणीक होती. कणीक फुगते ती कशाने फुगते? तोंडातसुद्धा तिचं तेच चालू असतं.

आता बाहेर उणे बारा, मागच्या सीटवर वीस पाई, आणि गाडी हलेना. तेवढ्यात फादर बर्निक आले. चौतीस वर्षांचे आहेत, पोलंडहून आलेले, अजून सगळ्यांच्या उपयोगी पडायला धडपडतात.

"काय झालं, ल्युसिल?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच ना? मी फुंकतो."

"फादर, तो गुन्हा आहे."

"गुन्हा?"

"आणि त्या आरशाजवळ कॅमेरा आहे. फुंकणाऱ्याचा फोटो निघतो आणि काउंटीला जातो."

फादर तोपर्यंत आत बसले होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या पांढऱ्या कॉलरवर हात ठेवला आणि बसले तसेच सावकाश बाहेर सरकले. मग स्वयंपाकघरातून पाणी आणलं. मी चुळा भरल्या, दोघं दहा मिनिटं गाडीला टेकून उभे राहिलो. दुसऱ्या खेपेला पास झाले. फादर म्हणाले, "देवाचे आभार." मी म्हटलं, पाण्याचे.

यीस्ट अडीच चमचे बरोबर आहे. लिहून ठेव.

ल्युसिल


नामूर
८ जानेवारी २०१८

कोरीन,

नवं वर्ष सुखाचं जावो.

अल्फोन्स गेला. बाबांच्या दुधाच्या डेअरीत होता तो. ब्याण्णव वर्षांचा होता, त्याचं वाईट वाटायचं काही नाही. वाईट वाटण्यासारखं जे झालं ते अंत्ययात्रेत झालं, आणि डोलोरेस तुला लिहील त्याआधी मी लिहिते.

चर्चमधली प्रार्थना झाली. गाड्यांची रांग लागली. पुढे शवगाडी, मागे घरची माणसं, त्यांच्यामागे मी, कारण दफनानंतरच्या जेवणाच्या पाई माझ्या गाडीत होत्या आणि त्या पहिल्या पोचायला हव्या होत्या. मी फुंकलं, पास झाले, गाडी सुरू केली. पण अल्फोन्सच्या मुलीला आईची काठी सापडेना, म्हणून सगळे अर्धा तास इंजिन चालू ठेवून थंडीत बसलो.

मग निघालो. दफनभूमी दोन मैलांवर. वाटेत यंत्र वाजलं. मधूनच ते वाजतं आणि पुन्हा फुंकायला सांगतं, तुला माहीत आहे. मी फुंकलं. नापास. मग ते काय करतं तेही तुला माहीत असेल. मला ड्वेनने सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. हॉर्न सुरू झाला, कोरीन. आपोआप, थांबून थांबून, आणि पुढचे मागचे सगळे दिवे उघडझाप करायला लागले. गाडी बाजूला घेऊन बंद करेपर्यंत तो थांबत नाही. आणि बाजूला घेणार कुठे? दोन्हीकडे कमरेएवढा बर्फ.

म्हणून अल्फोन्सची यात्रा पूर्ण दीड मैल हॉर्न वाजत गेली. शेतावरची माणसं बाहेर येऊन बघत होती. लग्नाची वरात समजून एकाने हात हलवला. शवगाडीचा ड्रायव्हर बिचारा, त्याला वाटलं मी घाई करतेय, त्याने वेग वाढवला. मग सगळ्यांनीच वाढवला. अल्फोन्स हयातीत कधी तीस मैलांच्या वर गेला नव्हता, आणि त्या दिवशी आम्ही त्याला पंचेचाळीसने नेलं.

दफनभूमीत शिरून गाडी बंद केली तेव्हा कुठे शांत झालं. अल्फोन्सची म्हातारी माझ्याजवळ आली, माझा हात धरून म्हणाली, "ल्युसिल, त्याला शांततेचा कंटाळाच होता." त्या बाईला स्वर्ग मिळो.

माउथवॉश होता. सकाळी मी माउथवॉशने चूळ भरली होती, त्यात अल्कोहोल असतं. यंत्राच्या नोंदी तपासणाऱ्या काउंटीच्या बाईंनाही मी तसंच सांगितलं आहे.

ल्युसिल


नामूर
२२ जानेवारी

कोरीन,

तुझं कार्ड चार दिवस टेबलावर पडून आहे. मी ते पालथं घालते, मग पुन्हा उलटते.

"माउथवॉश दहा मिनिटांत उडून जातो. नापास झाल्यावर यंत्र पुन्हा एकदा विचारतं. दुसरी फुंकर काय म्हणाली?"

दुसरी फुंकरही नापास झाली. काउंटीच्या बाईंच्या कागदावर दोन्ही आकडे होते, दोन्हींची वेळ होती. त्यांनी माझं माउथवॉशचं सगळं ऐकून घेतलं, आवाज न चढवता. मग कागद माझ्याकडे फिरवला. मी म्हटलं, हो का. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. यंत्राची मुदत वाढेल असं वाटतं.

थर्मास होता. गाडी सुरू केल्यावर, थांबलो होतो त्या अर्ध्या तासात. कॉफी होती, आणि कॉफीत ब्रँडी होती. मी आधी फुंकून मग प्यायले, म्हणजे किती विचार करून केलं ते बघ. पुढच्या मैलावर ते पुन्हा विचारेल हे मला माहीत होतं. तरी प्यायले. हेच मला कळत नाही.

नॉर्बर्ट गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मी कॉफीत एक चमचा घालायला लागले. झोप येत नव्हती म्हणून रात्री. मग झोप झाली नाही म्हणून सकाळी. चमचा मोठा होत गेला. केर्मिसच्या दिवशी मी काही ढवळणाऱ्यांसोबत म्हणून घेतली नव्हती, घरून घेऊनच गेले होते.

पण चमच्याचा दोष नॉर्बर्टच्या माथी मारणं बरं नव्हे. त्याच्याही आधीचं एक आहे आणि ते मला तुला सांगायचंय.

बाबांच्या दफनानंतरच्या जेवणाला, हॉलमध्ये, मी तुझ्या हातातला पेला काढून घेतला आणि दीडशे माणसांसमोर म्हणाले की बाबांना हिच्या बाटलीने मारलं. मी काय बोलले ते तुला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. त्याआधी मी कोठीघरात दोन पेले संपवले होते. बाटली पिठाच्या पिंपामागे होती. लोकांना वास आला तो माझ्या तोंडाचा होता, त्यांना वाटला तुझ्या. आणि मी पेला मोरीत ओतला तेव्हा मेबल भांडी घासत होती. नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ल्युसिल, त्या पेल्यात नुसता आल्याचा सोडा होता." मी तिला म्हटलं, तुझं काम कर.

तू पीत नव्हतीस असं मी म्हणत नाही. त्या दिवशी नव्हतीस. बाबांसाठी नव्हतीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेलीस.

हे कार्डावर लिहून पाठवू नकोस, आणि पाठवलंस तरी चालेल. मला एकच विचारायचंय. पहिला दिवस तू कसा काढलास? मी तीन वेळा सुरुवात केली. दुपारी चारपर्यंत जमतं.

ल्युसिल


नामूर
२४ फेब्रुवारी

कोरीन,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, लिफाफा. हातात जड लागला तेव्हा मी पायरीवरच बसले, बर्फावर.

बाबांच्या दिवसाबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. तो तुझा हक्क आहे. तू लिहिलंस, "पहिला दिवस कुणीच काढत नाही. चार वाजता घराबाहेर पड आणि पाचपर्यंत परत येऊ नकोस, एवढंच कर. स्टर्जन बेला ग्रंथालयाच्या तळघरात मंगळवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. जा. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही."

मी गेले. तुला फिनिक्सची सवय आहे, म्हणून सांगते, या काउंटीत निनावी असं काही नसतं. अठरा माणसं होती. त्यातली अकरा माझ्या ओळखीची, दोघं चुलत भाऊ, आणि चौघांना मी धर्मशिक्षण दिलेलं. दारातून शिरले तर ते चौघेही उठून उभे राहिले. सवयच ती. एकजण म्हणाला, "बाई, बसा ना, कॉफी देऊ?" आणि मग काय बोललो हे लक्षात येऊन कावराबावरा झाला. मी म्हटलं, दे, नुसती.

माझं नाव ल्युसिल, असं सांगायची पाळी आली तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, "माहीत आहे." मग हसले. मीही हसले. त्यानंतरचं मात्र बोलता आलं नाही. पुढच्या मंगळवारी आलं. आज पंचवीस दिवस झाले. मोजतेय हे कुणाला सांगत नाही, तुला सांगतेय.

आता काल काय झालं ते.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला दुसरा शुक्रवार होता काल, हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण. सगळं गाव येतं. बाबांच्या दफनाच्या जेवणाला जी होती त्यातली निम्मी माणसं तरी होतीच, उरलेली अल्फोन्सकडे गेली आहेत. जेवणाआधी महिला मंडळाची अध्यक्ष दोन शब्द बोलते, छप्पर गळतंय, देणगी द्या, असलं. मी माईक घेतला, छपराचं बोलले. मग माईक ठेवायचा होता तो ठेवला नाही.

मी म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये मी माझी बहीण कोरीन हिच्यावर आरोप केला, की ती प्यायली आहे आणि तिच्यामुळे बाबा गेले. ती प्यायलेली नव्हती. मी होते. बाबा हृदयविकाराने गेले, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, मला माहीत होतं."

तव्यावर तेल चरचरत होतं तेवढाच आवाज. मी सुटले म्हणत होते, तोच पहिल्या टेबलावरून ओमर, बाबांचा चुलत भाऊ, एक्क्याण्णव वर्षांचा, कानाला हात लावून ओरडला:

"काय म्हणते ही? कोण प्यायलंय?"

"मी, ओमर."

"कोरीन?"

"कोरीन नाही. मी. ल्युसिल."

"आत्ता?"

"आत्ता नाही. तेव्हा. बाबांच्या जेवणाला."

"थोडं मोठ्याने बोल."

म्हणून मी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, ओरडून. ओमरने मान हलवली. मग म्हणाला, "पोरीला कळवलंस का हे?"

मी म्हटलं, कळवलंय.

"मग झालं. मासे गार होताहेत."

आणि लोक उठले, रांगेत उभे राहिले. कुणी मला मिठी मारायला आलं नाही, बरं झालं, मी पडले असते. मी स्वयंपाकघरात गेले. मेबल तिथेच होती, तव्यापाशी. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, एका ताटलीत दोन मासे, बटाटे आणि राय धान्याची भाकरी वाढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "खा. मग भांड्यांना ये." रात्री आठपर्यंत आम्ही भांडी घासली. बोललो ते फक्त साबणाबद्दल.

अध्यक्षपद सोडायचं पत्र मी फादरना दिलं. त्यांनी ते वाचलं, खिशात घातलं आणि म्हणाले की छपराचं काम होईपर्यंत त्यांना ते सापडणार नाही.

कोरीन, तू क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. तू करशील की नाही ते मी विचारणारही नाही. तुझ्याबद्दल जे खोटं मी इथे अकरा वर्षं राहू दिलं ते आता इथे नाही, एवढं तुला कळायला हवं होतं. गावात आता बोलायला माझाच विषय आहे. डोलोरेस खूश आहे.

चॅपेलचं काम बर्फ वितळल्यावर संपेल. आज चार वाजून गेले. मी ग्रंथालयातून लिहितेय.

तुझी,
ल्युसिल


[निवडुंगाचं चित्र असलेलं कार्ड. फिनिक्स, १२ मार्च]

ल्युसिल,

विमान गुरुवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ग्रीन बे. डोलोरेसला पाठवू नकोस. टॅक्सीने येणार नाही. तूच ये, गाडी तूच चालव.

वाटेत यंत्र वाजलं तर बोलणं थांबव आणि आधी फुंक. अकरा वर्षांचं बोलायचंय, आणखी पाच मिनिटं थांबेल.

को.